मशीनचा ‘मी’ कोण? एआय वापरून केलेल्या शॉर्ट फिल्मची आणि त्यातल्या एका चुकीची गोष्ट

मी बोलतेय पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधून. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून पंखा बंद केलाय, त्यामुळे मध्येच मी घाम पुसायला थांबले तर समजून घ्या.

आज बोलायचंय माझ्या शॉर्ट फिल्मबद्दल. पाच मिनिटांची आहे. शूटिंग शून्य दिवस, कॅमेरा शून्य, नट शून्य. सगळं एआय टूल्स वापरून, ऑफिसचं काम संपल्यावर रात्री बसून केलेलं. कोणतं टूल वापरलं, किती खर्च आला, असं बरेच जण विचारतात. ते सांगतेच. पण खरं सांगू का, या सगळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये सापडली नसती. ती आईनं पकडली. तिला प्रॉम्प्ट म्हणजे काय हेही माहीत नाही.

आधी गोष्ट सांगते. एक म्हातारी बाई आहे. स्वयंपाकघरात एक मशीन ठेवलंय. ती रोज त्याच्याशी बोलते. आठवणी सांगते, शिव्या घालते, भाजीचे भाव सांगते. मग ती जाते. मशीन उरतं. आणि एके दिवशी मशीन ‘मी’ म्हणून बोलायला लागतं, तिच्या आठवणी, तिच्या आवाजात. आता तो ‘मी’ कोण? ती बाई, की मशीन, की तिसरंच कुणीतरी?

या प्रकाराला पोस्टह्यूमन म्हणतात, मराठीत मानवोत्तर म्हणू. शब्द जड वाटतो, पण प्रश्न सोपा आहे. माणसाचे भाग बदलत गेले, मशीन जोडलं गेलं, आठवणी दुसरीकडे हलवल्या, तर तो माणूस तोच राहतो का? डोना हॅरावे यांचा सायबॉर्गवरचा गाजलेला निबंध १९८५चा. ‘घोस्ट इन द शेल’ हा जपानी ॲनिमेशनपट १९९५चा, त्यातल्या नायिकेचं जवळजवळ सगळं शरीर कृत्रिम आहे. आणि आपल्याकडे आनंद गांधींचा ‘शिप ऑफ थीसियस’, भारतात २०१३ला लागलेला. त्यात एक अंध फोटोग्राफर आहे. तिला दृष्टी मिळते आणि मग स्वतःचेच फोटो तिला पटेनासे होतात. मी कॉलेजात असताना तो लॅपटॉपवर बघितला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना.

कॅथरीन हेल्स नावाच्या अभ्यासक आहेत, मूळच्या केमिस्ट्री शिकलेल्या. त्यांचं १९९९चं पुस्तक याच विषयावर आहे. त्यांचा मुद्दा ढोबळमानाने असा, की माहिती शरीरातून सुटी काढता येते, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतता येते, हे आपण फार सहज मानून बसलोय. मी ते वाचलं, मान डोलावली आणि नेमकी तीच चूक केली. त्यावर येतेच.

आता टूल्स. चित्रं मी माझ्याच लॅपटॉपवर स्टेबल डिफ्यूजननं केली. हे मॉडेल ऑगस्ट २०२२मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते काम कसं करतं? लहानपणी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतंय? मॉडेल तिथूनच सुरुवात करतं. आधी नुसत्या मुंग्या. मग तुम्ही लिहिलेल्या वाक्याकडे बघत थोड्या मुंग्या काढायच्या, परत थोड्या काढायच्या, असं वीस-तीस वेळा. शेवटी चित्र उरतं. सुरुवातीच्या मुंग्या वेगळ्या, तर चित्रही वेगळं. वाक्य तेच राहिलं तरी.

त्यामुळे झालं काय, की माझी म्हातारी प्रत्येक शॉटमध्ये वेगळी बाई दिसायला लागली. एका शॉटमध्ये नाक बसकं, पुढच्यात धारदार. कपाळावरचं गोंदण कधी आहे, कधी गायब. नऊवारी नेसवायला सांगितलं की भलत्याच निऱ्या यायच्या, कासोटा तर कधी म्हणता कधी नीट आला नाही. चेहरा स्थिर ठेवायला मॉडेलला आणखी शिकवता येतं, वीस-पंचवीस फोटो देऊन. तेही केलं. थोडं जमलं, पण चेहरा इतका गुळगुळीत आला की ती म्हातारी साबणाच्या जाहिरातीतली वाटायला लागली.

मग मी चेहरा दाखवायचाच नाही असं ठरवलं. फिल्ममध्ये तुम्हाला दिसतं ते तिचं स्वयंपाकघर: तव्याची बूड काळी झालेली, खिडकीत वाळत घातलेली चिंच, फळीवरचे पितळी डबे, भिंतीवर धुराची सावली. हलतं चित्रही कमीच ठेवलं. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांच्या फिल्मला ७,२०० फ्रेम लागतात, आणि माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड चार सेकंदांच्या क्लिपलाच धापा टाकतं. इथे मला क्रिस मार्करची ‘ला जेते’ कामाला आली. १९६२ची फ्रेंच फिल्म, साधारण अठ्ठावीस मिनिटांची, जवळजवळ संपूर्ण स्थिर फोटोंची. त्यात फक्त एका क्षणी चित्र हलतं, झोपलेली बाई डोळे उघडते. बास. तेवढ्यावर अख्खी फिल्म उभी आहे. मीही तसंच केलं. सगळी स्थिर चित्रं आणि शेवटी फक्त चहाची वाफ हलते. एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत. खर्च विचाराल तर विजेचं बिल आणि एका महिन्याचं व्हिडिओ टूलचं सबस्क्रिप्शन.

राहिला आवाज. आणि इथेच सगळं बिघडलं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कागलजवळच्या गावात राहायची. कोल्हापूर जिल्ह्यात. दोन वर्षांपूर्वी गेली. तिला टाईप करता यायचं नाही, म्हणून मामानं तिला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला शिकवलं होतं. माझ्या फोनमध्ये तिच्या एकतीस व्हॉइस नोट्स आहेत, एकूण चौदा मिनिटं. “अगं पोरी, जेवलीस काय? हिकडं पाऊस लई हाय.” असलं सगळं. आवाजाची नक्कल करायला हल्ली काही मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग पुरतं. माझ्याकडे चौदा होती.

मी कुणाला विचारलं नाही. विचारावं असं सुचलंसुद्धा नाही. माझीच आजी, माझाच फोन, माझीच फिल्म.

काम असं केलं: आधी सगळ्या व्हॉइस नोट्स एका टूलकडून लिहून काढल्या. मग तो मजकूर चॅटबॉटला दिला आणि सांगितलं, यातून या बाईच्या बोलण्याच्या पद्धतीनं मशीनचे संवाद लिही. ते मी तपासले, थोडे बदलले आणि आजीच्या नकली आवाजात बोलून घेतले.

पहिला आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला. मग हसू आलं, कारण आजी चक्क हिंदी वळणानं मराठी बोलत होती. आपल्याकडे च दोन आहेत ना. ‘चुलीवरचा चहा’ म्हणून बघा. चुलीतला आणि वरचातला च दातांजवळचा, चहातला च टाळूचा. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन. मशीननं तिन्ही एकाच मापानं काढले. ते दुरुस्त करण्यात माझे तीन आठवडे गेले. शब्द फोडून लिहायचा, स्पेलिंग बदलून बघायचं, परत ऐकायचं. शेवटी जमलं. मला वाटलं, झालं, आजी सापडली.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला फिल्म दाखवली. इअरफोन तिच्या कानात. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ती रडेल असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, ती रडावी असंच वाटत होतं. शेवटचा संवाद असा होता: मशीन आजीच्या आवाजात म्हणतं, “बरं, ठेवते.” कारण आजी प्रत्येक व्हॉइस नोट तशीच संपवायची. ठेवायला हातात रिसीव्हर नाही, समोर कुणी ऐकत नाही, तरी फोन ठेवल्यासारखं बोलायची.

आईनं इअरफोन काढले आणि म्हणाली, “आवाज आईचाच हाय. पण ही बाई कोण?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आई कधी ‘ठेवते’ म्हणाली काय गं? ‘ठेवतो’ म्हणायची की.”

जे कोल्हापूर-सांगलीकडचे आहेत त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कित्येक बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. मुद्दाम नाही, गंमत म्हणून नाही. तशीच बोली आहे. माझी आजी तशी बोलायची. आई अजूनही बोलते. आणि मीसुद्धा बोलायची, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत.

आता तुम्ही या एपिसोडचं पहिलं वाक्य आठवा. मी काय म्हटलं? “मी बोलतेय.”

त्या रात्री मी इंजिनिअर करतो तेच केलं. बग कुठून आला ते शोधत मागे गेले. मूळ ऑडिओ ऐकला. एकतीसपैकी अठ्ठावीस नोट्सच्या शेवटी ‘ठेवतो’, उरलेल्या तीन मध्येच तुटलेल्या. एकदाही ‘ठेवते’ नाही. मग लिहून काढलेला मजकूर बघितला. टूलनं निम्म्या ठिकाणी ‘ठेवतो’चं ‘ठेवते’ करून ठेवलं होतं. बाईचा आवाज आहे, म्हणजे ‘ते’च असणार. मग चॅटबॉटनं उरलेले सगळे ‘आलो’, ‘गेलो’, ‘बसलो’ व्याकरणाची चूक समजून सुधारले. का, तर ज्या मराठीचं लिखाण भरपूर आहे तिचं वळण मॉडेल उचलतं. छापील मराठीत बाई ‘आले’ म्हणते. माझी आजी कुठे छापलेली नव्हती.

इथपर्यंत दोष मशीनचा. पण त्या मजकुरावर शेवटची नजर कुणाची होती? माझी. मी ते संवाद निदान पन्नास वेळा वाचले, शंभर वेळा ऐकले. च चुकला तो लगेच कळला. आजी ‘ठेवतो’ऐवजी ‘ठेवते’ म्हणतेय, हे मात्र कानाला खटकलंच नाही.

का खटकलं नाही ते सांगते. बीटेकला पुण्यात आले, होस्टेलचा पहिला आठवडा. मेसमध्ये मी म्हटलं, “मी जेवून आलो.” टेबलावरच्या चार मुली हसल्या. वाईट नव्हत्या, पुढे मैत्रिणी झाल्या. पण महिनाभर मला ‘काय रे, आलास का?’ असं चिडवत होत्या. मी बदलले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ‘आले, गेले, बसले’ एकदम चोख. घरी फोनवर बोलतानासुद्धा. आजीनं एकदा विचारलं होतं, “पुण्याची झालीस व्हय गं?” मी हसण्यावारी नेलं.

म्हणजे ज्या सुधारणा मॉडेलनं आजीत केल्या, त्याच मी स्वतःत दहा वर्षांपूर्वी करून घेतल्या होत्या. म्हणून रिव्ह्यूमध्ये तो बग पास झाला.

फिल्म मी काढून टाकायच्या बेतात होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, “काढ किंवा ठेव, पण तिच्या तोंडात तू लिहिलेलं घालू नको. तिला विचारलंस काय?” आता गेलेल्या माणसाला विचारणार कसं? पण प्रश्न बरोबर होता. २०२४मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’च्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, त्याच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्या एआय साधनांविरुद्ध. हे सगळं मी वाचलेलं होतं. ते मोठ्या लोकांसाठी असतं, असं वाटायचं. व्हॉइस नोट्सवाल्या आजीला कसले हक्क!

तर दुसरी फिल्म केली. आजीचा नकली आवाज पूर्ण काढला. त्याऐवजी तिच्या चार खऱ्या व्हॉइस नोट्स, जशाच्या तशा, मागे कुकरची शिट्टी आणि कोंबडं ओरडतंय त्यासकट. आईला आणि मामाला विचारून. मशीनला वेगळा आवाज दिला, कुणाचाही नसलेला.

मग खरा पेच आला. मशीन बोलणार काय? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. तिथे ‘आय’ म्हटलं की झालं, बोलणारा बाई की पुरुष ते क्रियापद विचारत नाही. मराठीत विचारतं. ‘मी येतो’ की ‘मी येते’? कुठलंही एक घेतलं की मशीनला लिंग आलं.

मी वही घेऊन बसले आणि शाळेनंतर पहिल्यांदा व्याकरणात मजा आली. बघा हं. ‘मला आठवतं’ म्हटलं तर कळत नाही कोण बोलतंय. ‘मला भूक लागते’ म्हटलं तरी नाही. ‘मी भाकरी केली’, इथे क्रियापद भाकरीकडे बघतं, माझ्याकडे नाही. ‘मी येईन’, तेही मोकळं. ‘मी आहे’, तेही मोकळं. पण ‘मी होतो’ की ‘मी होते’? अडकलो. ‘मी ऐकतो’ की ‘मी ऐकते’? अडकलो.

म्हणजे मराठीत मशीनला आठवू शकतं, त्याला काही हवं असू शकतं, ते भाकरी केल्याचं सांगू शकतं, उद्या येण्याचं वचन देऊ शकतं. पण ‘आत्ता मी अमुक करतोय’ म्हणायचं झालं की त्याला स्वतःबद्दल काहीतरी ठरवावं लागतं. पोस्टह्यूमन ओळख म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा या यादीत जास्त कळलं. माझ्या मशीनचे सगळे संवाद मग मी अशाच मोकळ्या वाक्यांत लिहिले. चार मिनिटं ते बोलतं आणि कोण बोलतंय ते कळत नाही.

शेवटचं वाक्य राहिलं. आजीची नोट संपते, ती म्हणते “बरं, ठेवतो”, आणि मशीननं उत्तर द्यायचं. तीन पर्याय करून आईला ऐकवले. ‘मी ऐकतेय’वर ती काही बोलली नाही. ‘मी ऐकतंय’वर हसायला लागली, “लहान लेकरू वाटतंय गं, दूध द्या त्याला.” तिसरा होता ‘मी ऐकतोय’. त्यावर मान हलवली, “हां. हे आपल्यातलं वाटतंय.”

तेच ठेवलं. पुण्यात पंधरा-वीस मित्रांना फिल्म दाखवली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “मशीन पुरुष का केलंस?” गावाकडे मामाच्या घरी दाखवली तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारला नाही. एकच शब्द, ऐकणारे दोन. मशीननं आजीचा आवाज घेतला नाही, तिची बोलण्याची रीत घेतली. माणसं एकमेकांकडून असंच काही ना काही घेतात, तेवढं मशीनला घेऊ द्यायला मला हरकत वाटली नाही.

आणि हो, आपल्या सिनेमाला हे काही नवं नाही बरं का. १९१७च्या फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढला. स्वतःच्या खोलीत बसून, हाताशी असेल त्या साधनांनी फिल्म करण्याचा वारसा आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. त्यामुळे तुमचा लॅपटॉप जुना आहे म्हणून थांबू नका.

करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते आणि संपवते. एक, चेहरा स्थिर राहत नसेल तर मॉडेलशी भांडू नका, गोष्ट वस्तूंमधून सांगा. दोन, घरातल्या कुणाचाही आवाज, जिवंत असो वा गेलेला, विचारल्याशिवाय मशीनला देऊ नका. तीन, टूलनं लिहून काढलेला मजकूर मूळ ऑडिओसोबत शब्दाला शब्द लावून तपासा, विशेषतः तुमच्या घरची बोली वेगळी असेल तर. आणि चार, फिल्म पहिल्यांदा अशा माणसाला दाखवा ज्याला टूल्समधलं काही कळत नाही, पण ज्याच्याबद्दल फिल्म आहे तो माणूस नीट माहीत आहे.

तुमच्या फोनमध्येही कुणाच्या तरी जुन्या व्हॉइस नोट्स असतील. आज एक ऐका. काय सांगितलंय ते तुम्हाला माहीतच आहे, शेवटी काय म्हणतात तेवढं ऐका.

मी गेले दोन महिने घरी फोनवर परत ‘आलो, गेलो’ बोलायचा प्रयत्न करतेय. जमत नाही नीट. ऑफिसच्या कॉलवरून थेट आईच्या कॉलवर आले की जीभ अडखळते. आई हसते. पण शेवटचा शब्द तेवढा आता बरोबर येतो.

बरं, ठेवतो.